कलमाचा चाकू

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी एक तरवार २०२५ सालीं लंडन येथील लिलावांत निघाली, आणि महाराष्ट्र शासनानें ती विकत घेऊन मायदेशीं परत आणली. त्या वेळीं लोकांस जो आनंद झाला तो उचितच होता. तरवार हें इतिहासाचें लाडकें हत्यार आहे. तिच्यावर सोन्यानें नांव कोरलें जातें, बखरकार तिचे पराक्रम वर्णितात, आणि मालक गेल्यावरहि ती वस्तुसंग्रहालयांत मानानें राहते. परंतु आजच्या नागपुराची कीर्ति कशावर उभी आहे असें कोणी विचारलें, तर देशांतील बहुतेक लोक संत्र्याचें नांव घेतील. आणि त्या संत्र्याच्या मागें जें हत्यार आहे तें तरवार नव्हे, तर बोटभर पात्याचा, मिटून खिशांत ठेवतां येणारा चाकू होय. या उपेक्षित हत्याराविषयीं कांहीं विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या जुन्या संसारांत कापण्याचें काम निरनिराळ्या हत्यारांनीं वांटून घेतलेलें होतें. स्वयंपाकघरांत विळी, शेतांत विळा व कोयता, न्हाव्याच्या धोपटींत वस्तरा, आणि पानसुपारीसाठीं अडकित्ता. यांपैकीं पुरुषाबरोबर घराबाहेर हिंडणारा तो अडकित्ताच. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी व अडकित्ता यांस वेगवेगळे कप्पे असलेली कापडी चंची कमरेस असली, म्हणजे मनुष्य प्रवासास सिद्ध झाला. अनेक उपयोगांच्या वस्तु एकत्र बांधून अंगावर बाळगण्याची हौस आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आली असें जे मानतात, त्यांनीं या चंचीची आठवण ठेवावी.

खिशांतील चाकू मात्र आपल्याकडे प्रतिष्ठित झाला तो लेखणीच्या संगतीनें. बोरूची लेखणी एकदां कापली म्हणजे जन्माची झाली असें नसे. लिहितां लिहितां तिचें टोंक झिजे, फांके, आणि अक्षर जाड होई. मग पुन्हां तिरका छाट द्यावा, मध्यें चीर पाडावी आणि पुढें लिहावें. मोडीसारखी वेगानें चालणारी लिपि ज्या कारकुनास दिवसभर लिहावयाची, त्याला धारदार चाकू हा दौतीइतकाच आवश्यक होता. फार्सींत या चाकूस ‘कलमतराश’ म्हणत. इंग्रजींतहि लहान चाकूचें नांव लेखणीवरूनच पडलें आहे, कारण तिकडे हंसाच्या पिसाची लेखणी अशीच वारंवार कापावी लागे. पुढें पोलादी टांक आला आणि बोरू मागें पडला. तरी शिसपेन्सिल तासण्याच्या निमित्तानें चाकू शाळकरी मुलांच्या खिशांत बरेच दिवस टिकून राहिला.

येथें ‘कलम’ या शब्दाकडे लक्ष देण्यासारखें आहे. अरबी-फार्सींतून आलेल्या या शब्दाचे आपल्या भाषेंत अनेक अर्थ झाले. कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे कायद्यांतील परिच्छेद, कलम म्हणजे एका झाडावर दुसरें झाड बसविणें, आणि शिर कलम करणें हा प्रयोग तर सर्वांस ठाऊकच आहे. चाकूचा इतिहास जणूं याच अर्थांतून फिरून आला आहे.

मिटणारा चाकू ही वस्तु फार जुनी आहे. केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयांत रोमन काळांतील एक चांदीचें साधन आहे. त्यांत चमचा, कांटा, पातें व टोंकेरी सळी हीं सर्व एकाच मुठींत मिटतात. १८९१ पासून स्वित्झर्लंडच्या सैनिकांस पातें, आर, पेचकस आणि डबा उघडण्याचें साधन असलेला चाकू मिळूं लागला. तेथील कार्ल एल्सेनर या कारागिरानें १८९७ सालीं त्याची सुधारलेली, अधिक अवजारांची आवृत्ति काढली. पुढें टिमथी लेदरमन नांवाच्या अमेरिकन गृहस्थास १९७५ मध्यें जुन्या मोटारीनें युरोपांत हिंडतांना असें आढळून आलें कीं, खिशांतल्या चाकूनें पुष्कळ कामें होतात, पण त्यांत पक्कड नाहीं. त्यानें पकडीभोंवतीं इतर अवजारें बसविलीं, आणि १९८३ सालीं तें बहुगुणी साधन बाजारांत आलें. आज आपल्या शहरांतील तरुण मंडळीहि अशीं साधनें हौसेनें जमवितात, त्यांच्या पोलादाची चर्चा करतात, धार लावण्याच्या दगडांची तुलना करतात. वडील मंडळींस यांत पोरकटपणा दिसतो, आणि पुष्कळांस त्याहून वाईट असें कांहीं दिसतें.

या संशयालाहि इतिहास आहे. १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्यानें तरवार, खंजीर, भाला, फार काय, धनुष्यबाणसुद्धां ‘शस्त्र’ ठरविले. त्या कायद्याविरुद्ध १९२७ सालीं नागपुरांतच मंचरशा आवारी यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला आणि सत्याग्रही उघडपणें तरवारी घेऊन रस्त्यांतून चालले. हत्यार बाळगण्याचा प्रश्न हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे, अशी त्यांची भावना होती. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादींत घातले आहेत. पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय अथवा औद्योगिक कामासाठीं बनविलेलीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. या कलमांत मोठें शहाणपण आहे असें आम्हांस वाटतें. नुसतें पातें मोजून हत्याराची जात कळत नाहीं; तें कोणत्या कामासाठीं घडविलें हें पाहावें लागतें.

तें काम कसें असतें हें पाहावयाचें तर नागपूरच्या पश्चिमेस काटोल-नरखेडकडे, किंवा त्याच्याहि पलीकडे अमरावती जिल्ह्यांतील वरूड-मोर्शीच्या बाजूस जावें. संत्र्याचें झाड दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं औरंगाबादेहून नागपुरास आणविलें असें परंपरा सांगते. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला, आणि पुढें या फळास दूरदूरच्या बाजारपेठा मोकळ्या झाल्या. राजा आणि आगगाडी यांचा उल्लेख प्रत्येक पुस्तकांत सांपडतो. पण आणलेल्या थोड्या झाडांचीं लाखों झाडें झालीं तीं कोणाच्या हातानें? वरूडजवळचें शेंदुरजना घाट हें गांव संत्र्याच्या रोपांसाठीं प्रसिद्ध आहे. रोपवाटिकेस तिकडे पन्हेरी म्हणतात. तेथें उकिडवा बसून ओळीनें डोळे भरणारा कामकरी हा या इतिहासाचा बिननांवाचा नायक होय.

बीं पेरून संत्र्याचें झाड होत नाहीं असें नव्हे. पण तें कांटेरी व उंच वाढतें आणि फळावर उशिरां येतें. म्हणून जंबेरीचीं रोपें खुंट म्हणून वाढवितात. जंबेरीच्या एका बियांतून पुष्कळदां एकाहून अधिक अंकुर निघतात आणि ते बहुतांशीं मूळ झाडासारखेच असतात. त्यामुळें खुंट एकसारखे मिळतात. रोपाचें खोड शिसपेन्सिलीएवढें झालें कीं चाकू बाहेर निघतो. सालीवर एक आडवा छेद, त्याच्या मध्यापासून खालीं एक उभा छेद. छेद सालीपुरताच हवा. लांकडांत पातें शिरलें तर काम बिघडलें. मग चांगल्या झाडाच्या डोळकाडीवरून इंचभर लांबीचा, ढालीच्या आकाराचा तुकडा डोळ्यासह एका ओढीनें उतरवावयाचा. चाकूच्या दुसऱ्या टोंकास हाडाची किंवा धातूची बोथट जीभ असते. तिनें खुंटाची साल हलकेंच उचलून तो डोळा आंत सरकवावयाचा, आणि डोळा उघडा ठेवून पट्टीनें घट्ट बांधावयाचें. दोन-तीन आठवड्यांनीं तो हिरवा दिसला म्हणजे दोन झाडांचें एक झाड झालें. पुढें खुंटाचा शेंडा छाटतात. खालचें मूळ जंबेरीचें आणि वरची छाया संत्र्याची. कापणारें पातें आणि उचलणारी जीभ, अशीं दोनच अवजारें ज्यांत आहेत तो हा चाकू, कोणत्याहि स्विस चाकूच्या पंक्तीस बसण्यास योग्य आहे.

परंतु जें पातें जोडतें तेंच पातें रोगहि पसरवितें. एक्सोकॉर्टिस नांवाचा एक विकार पात्यास लागलेल्या रसावाटे एका झाडांतून दुसऱ्या झाडांत जातो. रंगपूर लिंबासारख्या खुंटावर त्यानें साल सोलवटते आणि झाड खुरटें राहतें. पातें ज्योतीवर धरलें तरी तो निश्चित नाहींसा होतो असें नाहीं. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणांत तें बुडवून काढावें लागतें. दुसरा शत्रु मातींतला. फायटोफ्थोरा या बुरशीनें मूळ कुजतें व खोडांतून डिंक वाहतो. डोळा जमिनीलगत भरला, तर संत्र्याचा नाजूक भाग तिच्या तावडींत सहज सांपडतो. म्हणून तो नऊ इंच उंचीवर भरावा असें शास्त्रज्ञ सांगतात. नागपुरांत १९८५ सालीं स्थापन झालेल्या, आणि आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नांवानें चालणाऱ्या संस्थेनें रोगमुक्त रोपांचा पुरस्कार केला आहे तो याच कारणास्तव.

यांत गोष्ट साधी दिसते, पण तिची किंमत मोठी आहे. कपड्यांतला दोष घरीं नेल्याबरोबर कळतो. रोपांतला दोष कळण्यास वर्षें लागतात. शेतकरी खड्डे खणतो, विहिरीचें पाणी देतो, कर्ज काढतो आणि चौथ्या-पांचव्या वर्षीं पहिल्या बहाराची वाट पाहतो. त्या वेळीं झाडें पिवळीं पडूं लागलीं, तर त्याचीं तीं वर्षें त्यास कोणीहि परत देऊं शकत नाहीं. आणि ज्या क्षणीं तें नुकसान ठरलें, तो क्षण पन्हेरींत एका मळक्या पात्याखालीं केव्हांच निघून गेलेला असतो. एका कुटुंबाचें दैव चाकू पुसण्याच्या संवयीवर अवलंबून राहतें हें वाचकांस अतिशयोक्तीचें वाटेल, पण तें तसें आहे.

२०१४ सालीं नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकन मिळालें; फळाच्या नांवास कायद्याचें कलम लाभलें. ज्या हातांनीं झाडाचें कलम केलें त्यांस कोणतेंहि मानांकन नाहीं. चाकूची हौस असणाऱ्या तरुणांस आमचें सांगणें इतकेंच कीं, हौस अवश्य करावी, पण हत्याराचें मोल त्याच्या पोलादापेक्षां त्यानें साधलेल्या कामावरून ठरवावें. आणि वस्तुसंग्रहालयें मांडणाऱ्यांस विनंती अशी कीं, रघूजींच्या तरवारीस मानाची जागा अवश्य द्यावी. परंतु नागपुरांत ती मांडण्याचा योग येईल तेव्हां शेजारच्या कपाटांत डोळे भरण्याचा एक जुना, झिजलेला चाकूहि ठेवावा. संत्रें सोलण्यास चाकू लागत नाहीं, म्हणूनच तें खातांना त्याची आठवण कोणास होत नाहीं.