'सिक्युअर' : निश्चिंत की बेसावध?

'मॅक्बेथ' शिकविताना तिसऱ्या अंकातील हेकटीच्या भाषणापाशी आम्ही दरवेळी अडखळतो. तेथे 'सिक्युरिटी' हा शब्द चक्क निंदेच्या अर्थाने येतो. विद्यार्थी समासात 'सुरक्षितता' असे लिहून ठेवतात, आणि मग सुरक्षिततेने माणसाचा घात कसा व्हावा, हे कोडे त्यांना सुटत नाही.

कोड्याचे उत्तर लॅटिनमध्ये आहे. 'से' म्हणजे विना, 'कूरा' म्हणजे काळजी. 'सेक्यूरुस' म्हणजे अक्षरशः आपला 'निश्चिंत'. मूळ शब्द तटबंदीविषयी बोलत नाही, मनाविषयी बोलतो. सिसेरोला 'सेक्यूरितास' अभिप्रेत होती ती चित्ताची अक्षुब्धता. पुढे रोमन सम्राटांनी तिला देवता करून नाण्यांवर बसविले. इ.स. ६९ मध्ये ओथोने रोमन जनतेच्या 'सेक्यूरितास'ची नाणी पाडली. त्याचे राज्य जेमतेम तीन महिने टिकले, आणि त्याने आत्महत्या केली!

ल्यूथरने या शब्दाला आणखी खाली ओढले. श्रद्धेतून येणारी खात्री वेगळी आणि स्वतःच्या पुण्याईवर विसंबून आलेली 'सेक्यूरितास' वेगळी, असा भेद त्याने केला. दुसरी त्याच्या दृष्टीने आत्म्याला घातक. १६०६ च्या सुमारास 'मॅक्बेथ' लिहिले गेले तेव्हा प्रॉटेस्टंट प्रवचनांनी हा अर्थ इंग्रजी श्रोत्यांच्या कानी घातलेला होता. (हेकटीचा प्रवेश मिडल्टनचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असले तरी मुद्दा ढळत नाही.) मॅक्बेथचा नाश होतो तो भविष्यवाणीवर विसंबून गाफील राहिल्यामुळे.

मराठीत हे सांगणे खरे तर सोपे आहे. 'निश्चिंत' आणि 'बेफिकीर' यांची घडण एकच, एक संस्कृत वळणाची, दुसरी फारसी. पण पहिल्याची आपण स्तुती करतो, दुसऱ्याला दोष देतो. इंग्रजीत या दोन्ही छटा एकाच शब्दात नांदत होत्या. १९४५ च्या राष्ट्रसंघ-सनदेतील 'सिक्युरिटी कौन्सिल'पर्यंत येता येता मनोवस्था मागे पडली आणि बंदोबस्त तेवढा उरला. आपला 'सुरक्षा' हा शब्द या उत्तरकालीन अर्थाचा प्रतिशब्द आहे. तो शेक्सपिअरला लावला की घोटाळा होतो.

म्हणून हेकटीच्या भाषणाशेजारी आम्ही आता 'गाफीलपणा' लिहावयास सांगतो. 'हॅम्लेट'मध्ये मात्र तो चालत नाही. पित्याचे भूत आपल्या खुनाची वेळ सांगताना 'सिक्युअर' हेच विशेषण वापरते; तेथे 'निर्धास्त' हवा. तो राजा बेफिकीर नव्हता; नेहमीप्रमाणे दुपारी आपल्या बागेत झोपला होता.