विकायचं कुठे?

अमेरिकेतल्या पर्यायी कॉमिक्सचा इतिहास सहसा चित्रकारांच्या नावांनी सांगितला जातो. आधी रॉबर्ट क्रम, मग आर्ट स्पीगलमन, मग हर्नांडेझ बंधू, पुढे क्रिस वेअर. नावं बरोबरच आहेत. पण या यादीत दुकानदार कुठेच दिसत नाही. यांच्यापैकी प्रत्येकाचा अंक कुणीतरी, कुठेतरी मांडून विकला. कधी फुटपाथवर, कधी पोस्टरं आणि चिलमी विकणाऱ्या दुकानात, कधी जुन्या अंकांच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर, कधी हॉटेलच्या सभागृहातल्या टेबलावर. विकायची जागा बदलली की अंकाची जाडी बदलली, किंमत बदलली, आणि बऱ्याचदा आतली गोष्टही बदलली.

सुरुवात दारं बंद होण्यापासून करावी लागते. 1954 साली फ्रेडरिक वर्टहॅम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे प्रकाशक विल्यम गेन्सची उलटतपासणी झाली. त्याच्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर कुऱ्हाड आणि बाईचं तोडलेलं मुंडकं होतं. हे सुरुचीला धरून आहे का, असं विचारल्यावर भयकथेच्या मानाने आहे, असं त्याने शांतपणे सांगितलं आणि स्वतःची पंचाईत करून घेतली. घाबरलेल्या प्रकाशकांनी मग आपणहून ‘कॉमिक्स कोड’ तयार केला. हा कायदा नव्हता, धंद्याने स्वतःच्या पायात घातलेली बेडी होती. पण कोडचा शिक्का नसलेला गठ्ठा घाऊक व्यापारी उचलायला तयार नसत, त्यामुळे परिणाम कायद्यासारखाच झाला. गेन्सच्या भयकथा आणि गुन्हेकथा बंद पडल्या. उरलं त्याचंच विडंबनाचं ‘मॅड’. ते 1955 मध्ये कॉमिक्सचं रूप सोडून मासिकाच्या रूपात निघू लागलं आणि कोडच्या कक्षेबाहेर गेलं. पुढच्या पिढीतले बहुतेक बंडखोर लहानपणी हेच ‘मॅड’ वाचून वाढले.

कोडच्या शिक्क्यावाचून अंक विकायचा तर घाऊक व्यापाऱ्याला वगळावं लागणार होतं. ते 1968 च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट स्ट्रीटवर घडलं. क्रमचा ‘झॅप’ हा अंक डॉन डॉनह्यू या तरुणाने काढला आणि चार्ल्स प्लायमेल या कवीने छापला. छपाईच्या मोबदल्यात डॉनह्यूने त्याला आपला टेपरेकॉर्डर दिला. अंक बाबागाडीत घालून क्रम, त्याची गरोदर बायको आणि डॉनह्यू रस्त्यावर विकायला निघाले. किंमत 25 सेंट. हा प्लायमेल काही वर्षांपूर्वी कवी ॲलन गिन्सबर्गबरोबर एका घरात राहिलेला होता. तोच गिन्सबर्ग, जो 1962 साली मुंबईत येऊन गेला होता. मुंबईतही मराठी लघुनियतकालिकांची मंडळी चक्रमुद्रित अंक ओळखीपाळखीत खपवत होती. कुणी कुणाचं पाहून केलं असं नव्हे. मोठा छापखाना आणि मोठा वितरक हातात नसला की माणसं साधारण अशाच वाटा काढतात.

बाबागाडीची गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते, पण धंदा तिच्यावर उभा राहिला नाही. तो उभा राहिला हेड शॉप्सवर. हिप्पींच्या वस्त्यांमधली ही दुकानं उदबत्त्या, पोस्टरं, चिलमी आणि सिगारेटचे कागद विकत. त्यांना कोडचं सोयरसुतक नव्हतं. बर्कलीची प्रिंट मिंट, रिप ऑफ प्रेस, लास्ट गॅस्प, विस्कॉन्सिनमध्ये डेनिस किचनची प्रकाशनसंस्था असे प्रकाशक दोन-तीन वर्षांत या दुकानांच्या जोरावर पुढे आले. या व्यवहाराच्या अटी वेगळ्या होत्या. एकदा घेतलेला माल परत करायचा नाही. अंक संपला की पुन्हा छापायचा, महिना उलटला म्हणून तो शिळा होत नाही. चित्रांचा हक्क चित्रकाराकडे, आणि छापलेल्या प्रतींवर त्याला मानधन. त्या काळी मोठ्या कंपन्यांत चित्रकाराला पानामागे मजुरी मिळे आणि पात्रावरचा हक्क कंपनीकडे राही. क्रमच्या चित्रांइतक्याच या अटी क्रांतिकारक होत्या, असं म्हणायला हरकत नाही.

त्या क्रांतीत बायकांना मात्र जागा नव्हती. पुरुषांच्या या अड्ड्यात बायकांवरच्या हिंसेची चेष्टा खपवून घेतली जाई, आणि त्याबद्दल ट्रिना रॉबिन्स या चित्रकर्तीने तोंड उघडलं तेव्हा तिलाच विनोदबुद्धी नसल्याचं ऐकवलं गेलं. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये फक्त स्त्रियांनी काढलेला अंक आणला. 1972 पासून ‘विमेन्स कॉमिक्स’ सुरू झालं, ते वीस वर्षं चाललं. त्याच 1972 मध्ये जस्टिन ग्रीनने धार्मिक धास्तीने पछाडलेल्या स्वतःच्या बालपणावर एक अंक काढला, आणि स्पीगलमनने नाझी संहारातून वाचलेल्या आपल्या वडिलांच्या आठवणींवरच्या ‘माउस’ची पहिली तीन पानी आवृत्ती छापली. आत्मकथनाची वाट इथून सुरू होते.

मग 1973 उजाडलं. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता ठरवण्यासाठी स्थानिक समाजाची मोजपट्टी मान्य केली. गावोगावच्या पोलिसांना मुभा मिळाल्यासारखं झालं. असले अंक ठेवून खटला का ओढवून घ्या, म्हणून हेड शॉपवाल्यांनी ते काढून टाकले. कागदही महागला. पाच वर्षांत उभी राहिलेली बाजारपेठ बघता बघता बसली.

याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रुकलिनमध्ये, फिल स्यूलिंग नावाचा शाळेतला इंग्रजीचा शिक्षक मोठ्या कंपन्यांच्या दारात एक प्रस्ताव घेऊन गेला. स्यूलिंग न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सप्रेमींची संमेलनं भरवायचा आणि जुन्या अंकांचा व्यापारही करायचा. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवरचा व्यवहार किती उधळा आहे हे त्याला आतून माहीत होतं. स्टॉलवाला न खपलेले अंक परत करू शके. आधी मुखपृष्ठाची वरची पट्टी फाडून पाठवायची रीत होती, पुढे इतके अंक नष्ट केले असं लिहून दिलं की भागायचं. कागदावर रद्दीत गेलेले अंक मागच्या दाराने व्यापाऱ्यांकडे पोहोचतात, अशीही बोलवा होती. स्यूलिंग म्हणाला: मला थेट माल द्या, जास्त सूट द्या, मी एकही प्रत परत करणार नाही. कंपन्यांनी मान्य केलं.

सुपरहिरोंच्या अंकांसाठी केलेली ही सोय होती. पण तिने जगवलं भलत्यांनाच. दुकानदार दोन महिने आधी मागणी नोंदवत, त्यामुळे किती प्रती जाणार हे प्रकाशकाला छपाईआधीच कळू लागलं. दहा हजारांचा धोका पत्करण्याची ऐपत नसलेला माणूस आता तीन हजार छापून सुखाने झोपू शकत होता. डेव्ह सिम या चित्रकाराने 1977 मध्ये ‘सेरेबस’ हा अंक स्वतःच काढला. ऑक्सनार्डच्या हर्नांडेझ बंधूंनी 1981 मध्ये ‘लव्ह अँड रॉकेट्स’ पदरमोड करून छापलं आणि समीक्षेसाठी ‘द कॉमिक्स जर्नल’ला पाठवलं. त्या मासिकाच्या गॅरी ग्रॉथने समीक्षा तर केलीच, शिवाय 1982 पासून फँटाग्राफिक्स या आपल्या संस्थेतर्फे तो अंक काढायला घेतला. मेक्सिकन वस्तीतल्या मुली, पंक बँड, कुस्ती खेळणाऱ्या मावश्या. स्टॉलवर कुणी हात लावला नसता असा हा मजकूर सुपरमॅनच्या शेजारी ठेवला गेला.

सगळ्यांना ही शिडी मिळाली नाही. क्लीव्हलंडच्या सरकारी इस्पितळात कारकुनी करणारा हार्वी पीकार 1976 पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ स्वतःच्या पगारातून काढत होता. त्याला चित्र काढता येत नसे; क्रमसारख्या मित्रांकडून तो काढून घेई. रांगेत पुढे उभी असलेली म्हातारी, ऑफिसातले टोमणे, नादुरुस्त गाडी असले त्याचे विषय. अंकापायी त्याला खोटच येत होती.

न्यूयॉर्कमध्ये स्पीगलमन आणि फ्रान्स्वाज मूली यांनी 1980 मध्ये ‘रॉ’ हे नियतकालिक काढलं, तेव्हा त्यांची नजर दुकानाच्या दुसऱ्या कप्प्यावर होती. आकार मुद्दाम मोठा, कागद देखणा, म्हणजे ते कलाविषयक नियतकालिकांच्या शेजारी लागेल. सातव्या अंकाच्या प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठाचा कोपरा हाताने फाडून आत चिकटवला होता. ‘माउस’ची प्रकरणं दुसऱ्या अंकापासून छोट्या पुस्तिकेच्या रूपात आत जोडलेली येत. 1986 मध्ये पँथिऑन या ग्रंथप्रकाशकाने पहिला खंड पुस्तक म्हणून काढला, 1991 मध्ये दुसरा आला, आणि 1992 मध्ये विशेष पुलित्झर. दुसरा खंड न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत ललित विभागात लागला, तेव्हा स्पीगलमनने पत्र लिहून तो ललितेतर विभागात हलवायला लावला. ग्रंथविक्रेत्याला अजून कळत नव्हतं की उंदीर-मांजरांचं चित्र असलेला हा इतिहास कुठल्या फळीवर ठेवायचा.

दरम्यान स्यूलिंगची पद्धत तिच्याच यशाने आजारी पडली. 1984 मध्ये निन्जा कासवांच्या पहिल्या अंकाच्या सुमारे तीन हजार प्रती निघाल्या आणि त्यांचा भाव आकाशाला भिडला. मग सट्टेबाज शिरले, कृष्णधवल नक्कलांचा पूर आला, आणि 1987 पर्यंत दुकानदारांच्या गळ्यात न परतवता येणाऱ्या मालाचे ढीग पडले. 1990 च्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या लढाईत वितरक एकेक करून संपले. 1996 नंतर डायमंड हा जवळपास एकटाच उरला. डायमंडच्या यादीत नाव नाही, तर दुकानात अंक नाही. चाळीस वर्षांनी पुन्हा कोडच्या काळासारखीच कोंडी.

म्हणून छोटे अंकवाले संमेलनांतल्या टेबलांकडे वळले. 1994 मध्ये मेरीलँडच्या बेथेस्डात स्मॉल प्रेस एक्स्पो सुरू झाला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आल्टरनेटिव्ह प्रेस एक्स्पो. इथे मालाचं स्वरूप पुन्हा बदललं. झेरॉक्स काढून, दुमडून, पिना मारलेल्या पुस्तिका मोठ्या प्रमाणात आल्या. जॉन पोर्सेलिनो 1989 पासून अशाच पद्धतीने ‘किंग-कॅट’ काढतो आहे. एड्रियन टोमिनेने शाळकरी वयात सुरू केलेली पुस्तिका पुढे मॉन्ट्रिऑलच्या ड्रॉन अँड क्वार्टर्लीने उचलली. 1997 पासून स्मॉल प्रेस एक्स्पोत इग्नॅट्झ पुरस्कार दिले जातात, आणि विजेता वाचक मत देऊन ठरवतात. ‘क्रेझी कॅट’ या जुन्या चित्रमालिकेतला इग्नॅट्झ उंदीर विटा फेकतो, म्हणून बक्षीस काय, तर खरीखुरी वीट. विमानाने घरी परतणाऱ्यांना ती सामानात सांभाळावी लागते.

ग्रंथदुकानांनी दार उघडलं, तरी तिथे परतीचा जुना धोका होताच. एका वितरकाचं दिवाळं आणि जास्तीची छपाई यांमुळे 2003 मध्ये फँटाग्राफिक्सने वाचकांना जाहीर विनंती केली, की पुस्तकं विकत घ्या, नाहीतर आम्ही बुडतो. वाचकांनी घेतली. पुढच्या वर्षी स्नूपी कुत्र्याच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेचे समग्र खंड सुरू झाले आणि संस्था सावरली. स्नूपीच्या कमाईवर विक्षिप्त पुस्तकं निघत राहिली. त्यांतलंच एक एमिल फेरिसचं ‘माय फेवरिट थिंग इज मॉन्स्टर्स’. ते 2016 मध्ये यायचं होतं, पण जहाज कंपनीचं दिवाळं निघून सगळ्या प्रती पनामात अडकल्या आणि पुस्तक 2017 च्या फेब्रुवारीत बाजारात आलं.

तिकडे कॉमिक्सच्या दुकानांची कोंडी वेगळ्याच प्रकारे फुटली. 2020 मध्ये डीसी आणि 2021 मध्ये मार्व्हल या सुपरहिरोंच्या मोठ्या कंपन्यांनी डायमंडची साथ सोडली. जानेवारी 2025 मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या गोदामात कित्येक छोट्या प्रकाशकांचा माल ‘खपला की पैसे’ या बोलीवर पडून होता, म्हणजे मालकी प्रकाशकांची. तोच माल विकून कर्ज फेडण्याची परवानगी कोर्टाकडे मागितली गेली, तेव्हा स्वतःचीच पुस्तकं सोडवून घेण्यासाठी या प्रकाशकांना वकील लावावे लागले.