अमरावतीचा कापूस, मिर्झापूरचा घाट

1842 साली एकाच व्यापाऱ्याने अमरावतीहून एक लक्ष पाठाळ बैलांचा कापूस कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद सरकारी दप्तरात आहे. वऱ्हाडच्या पूर्णा-वर्धेत मालाची नाव बारमाही चालेल एवढे पाणी नसते; म्हणून लमाणांचे तांडे हा माल नागपूर, शिवनी, जबलपूर करीत पाचशे मैलांवरील मिर्झापूरच्या गंगाघाटावर नेऊन उतरवीत. मुंबई जवळ असूनही पूर्वेची ही वाट रूढ झाली, याचे श्रेय माझ्या मते गंगेलाच द्यावे लागेल. कारण सपाट तळाच्या पटेला नावांत गोण्या एकदा भरल्या, की बैलांच्या दाणा-वैरणीचा घोर संपे आणि प्रवाहच कापसाला बंगालपर्यंत वाहून नेई. उन्हाळ्यात गंगेच्या भागीरथी या फाट्याचे पात्र उथळ झाले म्हणजे मात्र याच नावांना सुंदरबनाचा वळसा घेऊन कलकत्ता गाठावे लागे. 1834 पासून गंगेवर आगबोटी धावू लागल्या, तरी जागा फार अडविणारा हा माल मुख्यतः देशी नावांच्याच वाट्यास राहिला.

कापसाचे हाल नदी गाठण्याआधीच होत. ओळीने चालणारा प्रत्येक बैल पुढच्याच्या गोणीतून तोंडभर रुई ओढी. मुक्कामोमुक्कामी ओझी धुळीत उतरवावी लागत. आणि अवकाळी पावसाने ती भिजून जड झाली, की जनावरांना उचलवेनात म्हणून माल वाटेतच टाकून देण्याची पाळी येई. असल्या वाटेवर वर्षानुवर्षे चाललेल्या लमाण स्त्री-पुरुषांचा उल्लेख वऱ्हाडच्या व्यापारी इतिहासात पेढीवाल्यांच्या आधी व्हावयास हवा.

मुंबईकडील निर्यातीस 1825-26 मध्ये विकाजी-पेस्तनजी यांच्या पारशी पेढीने आरंभ केला होता. पुढे निजामाशी झालेल्या 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली आल्यावर वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या मार्गाने येथील कापूस थेट पूर्व किनाऱ्यावर उतरविण्याच्या योजनेचा इंजिनिअर आर्थर कॉटन यांनी हिरिरीने पुरस्कार केला, व कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली नदीतील खडकांना वळसा देणाऱ्या कालव्यांची कामेही सुरू झाली. परंतु 1867 मध्ये बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला; 1870 मध्ये, तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडणाऱ्या खामगावची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुली झाली; आणि 1871 मध्ये गोदावरीचे काम सोडून देण्यात आले, तोवर अकोल्याच्या गासड्या आगगाडीने मुंबई बंदरात उतरू लागल्या होत्या.