मसल कार बनवायचीय? इंजिनाच्या आधी टप बघा

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांमध्ये आजही एखादी कॉन्टेसा कव्हरखाली उभी दिसते. 'इंडियन मसल कार' म्हणून तिची रील्स फिरतात आणि खाली हमखास एक कमेंट असते, "यात व्ही-8 टाकला तर?" त्याच्याखाली दुसरी, त्याहून धाडसी: "टप कापून कन्व्हर्टिबल केली तर?"

पहिल्या प्रश्नावर सगळे तुटून पडतात, पण खरा गोंधळ दुसऱ्यात आहे. तिप्पट-चौपट ताकदीचं इंजिन बसवायचं असेल, तर ते कोणत्या बॉडीत बसवायचं हे आधी ठरवावं लागतं. नंतर ते बदलणं अवघड असतं, आणि आपल्याकडे तर बेकायदेशीरही.

आधी मसल कार म्हणजे काय ते बघू. साध्या, मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन, एवढाच हा खेळ. त्याची सुरुवात साधारणपणे 1964 च्या पाँटिअॅक जीटीओपासून धरली जाते. ही गाडी तीन बॉडींमध्ये मिळायची: मधल्या खांबाची कूप, खांब नसलेली हार्डटॉप आणि कापडी टपाची कन्व्हर्टिबल. इंजिन तेच, 389 घनइंचाचं. पण याच तीन बॉडींमध्ये पुढे दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलं, तर तिन्ही गाड्या सारख्या वागत नाहीत.

खोक्याचं झाकण

चपलांचा खोका घ्या. झाकण लावून पिळायचा प्रयत्न करा, फारसा पिळला जात नाही. झाकण काढा आणि पुन्हा पिळा. गाडीच्या बॉडीचंही असंच आहे.

जोरदार इंजिन गाडीला फक्त पुढे ढकलत नाही, तिला पिळतंही. अॅक्सिलरेटर दाबला की एक बाजू उचलली जाते, दुसरी दबते. हा पीळ सहन करतात टप, टपाला जमिनीशी जोडणारे खांब आणि दरवाज्याखालची पत्र्याची पेटी, म्हणजे सिल. यातला एक भाग कमी झाला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो.

कन्व्हर्टिबलमध्ये टपच नसतो, म्हणून कंपन्या खालून जास्तीचा पत्रा आणि आधार देतात. त्यामुळे टप काढूनही गाडी हलकी होण्याऐवजी जड होते. हार्डटॉपमध्ये टप असतो, पण मधला खांब नसतो. काचा खाली केल्या की पुढून मागेपर्यंत सगळं मोकळं, दिसायला सगळ्यात देखणी. पण भरपूर टॉर्कच्या हार्डटॉप गाड्यांमध्ये मागच्या काचेजवळच्या पत्र्यावर सुरकुत्या पडतात. बॉडी पिळली गेल्याची ती खूण.

म्हणूनच रेसिंगवाल्यांची आवड वेगळी होती. 1968 मध्ये प्लिमथने रोड रनर आणली, ती आधी मधल्या खांबाच्या साध्या कूपमध्येच. हार्डटॉप त्याच वर्षी, पण नंतर आली. कल्पना स्वस्त गाडीची होती, तरी फायदा दुहेरी झाला: वजन कमी आणि बॉडी कडक. त्यात 383 घनइंचाचं, 335 हॉर्सपॉवरचं इंजिन मिळायचं. ज्यांची हौस त्यावर भागायची नाही, त्यांच्यासाठी 425 हॉर्सपॉवरचं हेमी होतं.

ड्रॅग रेसिंगच्या नियमांतही हा फरक दिसतो. अमेरिकेतल्या एनएचआरएच्या नियमांनुसार जुन्या बंद गाडीने पाव मैल 11.49 सेकंदांत कापला, तर आत रोल बार सक्तीचा होतो. कन्व्हर्टिबलला मात्र 13.49 सेकंदांपासूनच तो लावावा लागतो. उलटली तर डोक्यावर काहीच नाही, हे उघड कारण आहेच.

फास्टबॅकचं प्रकरण थोडं निराळं. मस्टँग एप्रिल 1964 मध्ये हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल म्हणून आली, उतरत्या टपाची फास्टबॅक काही महिन्यांनी. उतरता टप हवेला सोयीचा असतो, पण त्याचा खरा फायदा कळायला वेग बराच लागतो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर संध्याकाळी सात वाजता तो कळणार नाही.

कुर्ल्यातून बाहेर पडलेल्या गाड्या

मुंबईच्या उपनगरांचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्यात अमेरिकेच्या क्रायसलरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडायला घेतल्या. रोड रनर बनवणारी हीच ती क्रायसलर. पण मसल कारचा काळ आला तोवर कुर्ल्यात फियाट 1100 बनत होती, जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. कारखाना गेला, 'प्रीमियर रोड' हे नाव उरलं.

त्यामुळे आपल्याकडे प्रोजेक्टसाठी हाताशी येणारी मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी म्हणजे बहुतेक वेळा पद्मिनी, अँबेसेडर किंवा कॉन्टेसा. तिन्ही चार दरवाज्यांच्या. अमेरिकेतले शौकीन चार दरवाज्यांच्या गाडीला नाक मुरडतात, तिला किंमतही कमी मिळते. पण खोक्याचा नियम लावून बघा: पूर्ण टप, दोन्ही बाजूंना मधला खांब, लहान दरवाजे, लहान उघडी जागा. पीळ सहन करायला हीच बॉडी सगळ्यात सोयीची.

कॉन्टेसाच्या बाबतीत तर याचा जिताजागता पुरावा आहे. हिंदुस्तान मोटर्सने 1984 मध्ये आणलेली ही गाडी मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीची, 1972 ची व्हिक्टर एफई. याच बॉडीच्या व्हेंटोरा मॉडेलवरून 1974 मध्ये 'बिग बर्था' नावाची रेसिंग कार बनली. आत पाच लिटरचं रेप्को-होल्डन व्ही-8 इंजिन, ताकद पाचशे हॉर्सपॉवरच्या घरात, स्टिअरिंगवर गेरी मार्शल. म्हणजे 'कॉन्टेसात व्ही-8' हे स्वप्न कॉन्टेसा जन्मायच्या दहा वर्षं आधीच पुरं झालं होतं!

पुढे काय झालं हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला ब्रेक निकामी होऊन बिग बर्था आदळली. संघाने तेच इंजिन काढून लहान आणि हलक्या फिरेन्झा कूपच्या बॉडीत बसवलं. तिचं नाव 'बेबी बर्था'. 1975 आणि 1976 चे मोसम तिने गाजवले. म्हणजे बॉडी कडक असली तरी आकार आणि वजन विसरून चालत नाही. जेवढं वजन पळवायचं, तेवढंच थांबवायचंही असतं. शिवाय बर्था दिसायलाच तेवढी व्हॉक्सहॉल होती, आतला बराचसा सांगाडा रेसिंगसाठी नव्याने बांधलेला होता.

आरटीओ काय म्हणतं?

अमेरिकेत टप, इंजिन, सगळं बदलून गाडी रस्त्यावर आणणं शक्य असतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. सीएनजी किटसारखं इंधनबदलाचं काम परवानगीने होतं. टप कापणं किंवा भलतंच इंजिन बसवणं त्यात बसत नाही. शिक्षा आहे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हा दंड प्रत्येक बदलामागे मोजला जातो. गाडी अंधेरीच्या एमएच-02 ची असो की बोरिवलीच्या एमएच-47 ची, फरक पडत नाही.

याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. 1984 ची कॉन्टेसा 2034 मध्ये पन्नाशी गाठेल. तिचा टप आज कापला, तर तो हक्क आजच गेला.

म्हणून हजारभर हॉर्सपॉवरची हौस असेल तर ती ट्रॅकपुरतीच. मुंबईत ट्रॅक नाही. सगळ्यात जवळची सोय म्हणजे लोणावळ्यापुढे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणारी 'व्हॅली रन' ही ड्रॅग रेस. तिथे अशी गाडी चालवत नव्हे, ट्रेलरवर चढवून न्यायची.

घेण्याआधी जॅक लावा

मुंबईच्या दमट हवेत बॉडीचा प्रकार जेवढा महत्त्वाचा, तेवढीच पत्र्याची अवस्था. गंज आधी लागतो सिलला आणि फ्लोअरला, म्हणजे नेमका पीळ झेलणाऱ्या भागांना. वरून रंग चकाचक असतो, खाली पुट्टी भरलेली असते. चुंबक लावून बघा. पुट्टीवर तो धरत नाही.

दुसरी तपासणी फुकट आहे. गाडी सपाट जागी उभी करून दरवाजा उघड-बंद करून बघा. मग पुढच्या एका बाजूला जॅक लावून चाक उचला आणि तोच दरवाजा पुन्हा उघडा. पहिल्यासारखा लागला तर बॉडीत जीव आहे. अडकला, वर-खाली झाला किंवा कडेची फट बदलली, तर ती बॉडी मूळच्या इंजिनालाच कशीबशी सांभाळतेय. विकणारा म्हणेल, "बिजागरी सैल झालीय, दोनशे रुपयांचं काम." बिजागरीच सैल असती, तर जॅक लावायच्या आधीही दरवाजा तसाच लागला असता.