छातीवरचा बिल्ला

१४. छातीवरचा बिल्ला : टीएलडी बिल्ला. सुरतच्या लिंबायत-उधना भागातल्या खानदेशी वस्तीतले पेशंट त्याला ओळखपत्र समजतात, म्हणून हा खुलासा. बिल्ला क्ष-किरण अडवत नाही, फक्त मोजतो. आत डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात; प्रयोगशाळेत तापवल्यावर त्या जितक्या उजळतात त्यावरून अंगावर पडलेली मात्रा कळते. तो शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो. मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळ (मुंबई, स्थापना १९८३) ठरवते : कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षी ३० पर्यंत. एकेका दाताच्या फिल्मने पेशंटला मिळणारी मात्रा सहसा ०.०१ मिलिसिव्हर्टहूनही कमी असते. मात्र डॉक्टर तेच काम दिवसभर करतात. पुढच्या परिच्छेदात लेखक लहान मुलाच्या तोंडातली फिल्म स्वतःच्या बोटाने धरतात. तेव्हाच्या दवाखान्यांत हे सर्रास चाले, पण ते घातकच होते. फिल्म होल्डरने किंवा मुलाच्या पालकाने एप्रन घालून धरावी आणि डॉक्टरांनी दोनेक मीटर दूर राहावे. थेट झोतातल्या बोटांना बसलेली मात्रा छातीवरच्या बिल्ल्यात उमटत नाही. — संपा.