गोठलेल्या पाण्यावरील वेगमर्यादेची कुळकथा

कॅनडाच्या उत्तरेकडील खाणींना हिवाळ्यात रसद पोहोचवणारे मार्ग गोठलेल्या सरोवरांवरून जातात, आणि तेथे भरलेल्या मालमोटारीला ताशी 25 किलोमीटरच्या आसपास वेगानेच जाण्याची सक्त ताकीद असते. चाके घसरू नयेत म्हणून हा निर्बंध असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु त्याचे खरे कारण बर्फाच्या पृष्ठभागावर नसून बर्फासकट हलणाऱ्या पाण्यात आहे. चालत्या वाहनाच्या भाराने तरंगत्या बर्फाचा थर खाली वाकतो, त्या वाकाबरोबर खालचे पाणीही बाजूला सारले जाते, आणि वाहनासोबत एक अदृश्य लाट मार्गक्रमण करू लागते. या लाटेचा माणसाला लागलेला शोध हीच त्या ताकिदीची कुळकथा होय.

गोठलेल्या पाण्यावरून वाहतूक करण्याची रीत फार जुनी आहे. मॉन्ट्रियलजवळ सेंट लॉरेन्स नदीच्या बर्फावर 1880 च्या हिवाळ्यात रूळ टाकून आगगाडीसुद्धा चालवली गेली, आणि पुढल्याच वर्षी एक इंजिन नदीच्या तळाशी गेले. अशा ठिकाणी सारी भिस्त बर्फाच्या जाडीवर असे. भाराखाली बर्फ नेमका कसा वाकतो, याचे गणित त्याच सुमारास, 1884 साली, हाइनरिश हर्ट्झ या सत्तावीस वर्षांच्या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने मांडले. विद्युच्चुंबकीय लहरींनी त्याचे नाव अजरामर व्हावयाचे होते ते अद्याप काही वर्षे पुढेच. बर्फाला त्याने पाण्यावर पसरलेला स्थितिस्थापक पत्रा मानले आणि भाराभोवतीचा भाग खचतो तर काही अंतरावरचा किंचित उचलला जातो, असे दाखवून दिले. त्याच विवेचनात त्याने असेही सिद्ध केले की, स्वतःच्या वजनाने बुडावा असा पातळ पत्रा मध्यभागी भार ठेवल्यास नावेसारखा खोलगट होऊन तरंगू शकतो. मात्र हर्ट्झचा भार एके जागी स्थिर होता. तो चालू लागल्यावर काय होते, हा प्रश्न त्याने घेतला नव्हता.

या प्रश्नाच्या उत्तराचे मूळ वूलिच येथील तोफखान्याच्या महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांच्या लेखणीत सापडते. बर्फाच्छादित पाण्यावर लाट कोणत्या वेगाने धावते, याचे सूत्र त्यांनी 1880 नंतरच्या त्याच दशकात प्रसिद्ध केले. मोकळ्या खोल पाण्यात लाटेला पूर्वस्थितीवर आणणारी शक्ती गुरुत्वाकर्षणाची असते आणि लाट जितकी लांब तितकी तिची चाल अधिक असते. परंतु वर बर्फाचा ताठर थर आला की आखूड लाटांचा कायदा उलटतो, कारण आखूड वाक सरळ करण्याचा त्या थराचा जोर फार मोठा असतो, आणि म्हणून लाट जितकी आखूड तितकी ती अधिक वेगाने पळते. लांब लाटाही वेगवान आणि आखूड लाटाही वेगवान, अशी स्थिती असल्यावर त्यांच्या दरम्यान कोठे तरी किमान वेगाची एक लाट असणे अपरिहार्य ठरते. बर्फाची जाडी आणि त्याखालील पाण्याची खोली यांनुसार हा किमान वेग बदलतो. वाहन नेमके त्याच वेगाने धावू लागले, तर त्याने निर्माण केलेली ऊर्जा त्याला सोडून पुढेही जात नाही आणि मागेही राहत नाही. ती त्याच्याच खाली साचत जाते, वाक क्षणोक्षणी वाढतो, आणि उभ्या वाहनाला सहज पेलणारा बर्फ चालत्या वाहनाखाली भंगतो.

हे ज्ञान अर्धशतकाहून अधिक काळ विद्वानांच्या दप्तरात पडून होते. त्याची खरी निकड भासली ती 1941 च्या हिवाळ्यात, लेनिनग्राडला. 8 सप्टेंबरपासून शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. 20 नोव्हेंबरला कामगार नसलेल्या नागरिकाच्या वाट्याची रोटी 125 ग्रॅमवर आली, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच वाट उरली, ती लाडोगा सरोवराच्या नुकत्याच धरू लागलेल्या बर्फावरून. प्रथम घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या, 22 तारखेला दीड टनी मोटारींचा पहिला तांडा गेला. पुढे बर्फ पुरेसा जाड झाल्यावरही मोटारी बुडू लागल्या, आणि बुडणाऱ्या गाडीच्या आगेमागे तितक्याच वजनाच्या गाड्या सुखरूप पार होत असल्याने या प्रकाराचा उलगडा कोणाला होईना.

लेनिनग्राडच्या भौतिक-तंत्रशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांकडे हे काम आले. पावेल कोबेको यांच्या मार्गदर्शनाखाली नाउम राइनॉव्ह यांनी बर्फाच्या वाकाची आपोआप नोंद करणारे एक साधे, काटक यंत्र तयार केले. उपासमारीने क्षीण झालेल्या माणसांनी, कडाक्याच्या थंडीत आणि तोफांच्या माऱ्यात ही यंत्रे सरोवरावर बसवली, आणि त्यांच्या नोंदींतून ताशी 35 किलोमीटरच्या आसपासचा घातक वेग उजेडात आला. समोरासमोर येणाऱ्या किंवा एकमेकींना ओलांडणाऱ्या मोटारींच्या लाटा एकत्र मिळूनही बर्फ फुटतो, हेही कळून आले. त्या वेगाबद्दल आणि गाड्यांमधील अंतराबद्दल चालकांसाठी नियम केले गेले. एप्रिल 1942 पर्यंत त्या वाटेने सुमारे 3,61,000 टन माल शहरात आला आणि साडेपाच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. विज्ञानाच्या उपयुक्ततेचे जे दाखले आपण देतो, त्यांत या कार्याला मी फार वरचे स्थान देईन, कारण येथे एका समीकरणाचे मोल थेट भाकरीत मोजले गेले.

समुद्रावरील बर्फाचे प्रकरण याहून बिकट आहे. त्यात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म कप्पे असल्याने तो नरम असतो, आणि वाऱ्याने उठवलेली लांब लाट दूरच्या वादळातून येऊन त्याच्या काठाखाली शिरते. 1916 च्या एप्रिलमध्ये अंटार्क्टिक मोहिमेवरील शॅकल्टन यांच्या छावणीखालील हिमखंड अशाच लाटेने रात्री दुभंगला आणि झोपण्याच्या पिशवीसह एक खलाशी पाण्यात पडला; शॅकल्टन यांनी त्याला स्वतः वर ओढले. अशी लाट बर्फात किती आत जाते, याची पद्धतशीर मापने गॉर्डन रॉबिन यांनी 1959-60 च्या मोसमात वेडेल समुद्रात 'जॉन बिस्को' जहाजावरून केली. आखूड लाटा काठालगतच विरतात, लांब लाटा दूरवर टिकतात, हा नियम तेथे स्पष्ट झाला. पुढे जपानात ताकिझावा यांनी होक्काइडोमधील सारोमा सरोवराच्या खाऱ्या बर्फावर बर्फ-स्कूटर निरनिराळ्या वेगांनी चालवून वाकाची मापे घेतली आणि 1985 साली ती प्रसिद्ध केली. घातक वेगापाशी खड्डा सर्वांत खोल होतो आणि त्याहून वेगाने गेल्यास आखूड लाटा वाहनाच्या पुढे व लांब लाटा मागे राहतात, हे त्यांत मोजून दिसले.

ज्या वेगापासून वाहनाने दूर राहावयाचे, तोच वेग आता मुद्दामही गाठला जातो. 1970 नंतरच्या दशकात कॅनडात असे आढळून आले की, हवेच्या गादीवर तरंगणारे वाहन बर्फावरून योग्य वेगाने नेल्यास त्याच्या मागे उठणारी लाटच बर्फ फोडीत जाते. सेंट लॉरेन्स नदीच्या ज्या उथळ भागांत मोठी बर्फभेदक जहाजे शिरू शकत नाहीत, तेथे बर्फ अडून येणारा पूर टाळण्यासाठी कॅनडाचे तटरक्षक दल अशी वाहने वापरते.