आंबेडकरी जलसा आणि आपल्या आयाबायांचं गाणं



मुळशी तालुक्याचा इतिहास लिहायला कोणी बसला की तो १९२१ सालापाशी येऊन थांबतो. टाटांचं धरण, सेनापती बापट, मावळ्यांचा सत्याग्रह, पाण्याखाली गेलेली गावं. तो इतिहास खरा आहे आणि मोठाही आहे. पण गावकुसाबाहेरची माणसं त्या काळात काय करत होती, काय गात होती, हे त्यात शोधून सापडत नाही. आज आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाला रात्री गायन पार्टी बसते, पेटी-ढोलकी वाजते, बाया पहाटेपर्यंत उठत नाहीत. हे गाणं आलं कुठून, असं तरुण पोरं विचारतात. त्याचं उत्तर देताना बोट उत्तरेला, नाशिककडे करावं लागतं. मात्र पहिलं पाऊल आपल्या पुणे जिल्ह्यातच पडलेलं आहे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. ग्रंथ लिहिले, पण वाचणार कोण? ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं. जोतीरावांच्या मागं त्यांच्या अनुयायांनी यावर तोड काढली ती तमाशाची. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या भीमराव महामुनींनी सत्यशोधक जलसा उभा केला आणि पुढे सातारा-कोल्हापूरकडे असे पुष्कळ जलसे झाले. साचा तमाशाचाच. आधी गण, मग गौळण, मग वग. पण गणातला गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा पुढारी, असा अर्थ लावायचा. वगात राजाराणीऐवजी भट आणि शेतकरी समोरासमोर उभे करायचे. लोक हसायला यायचे आणि सावकाराच्या हिशेबाची गोष्ट डोक्यात घेऊन घरी जायचे.

आता तमाशा कोणाचा होता, हे सांगायला पाहिजे. ढोलकी, तुणतुणं, झांज, कडं ही विद्या महार-मांगांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. पट्ठे बापूराव जातीने कुलकर्णी, पण त्यांच्या फडाला नाव मिळालं ते पवळाबाईमुळे, आणि ती महार समाजातली. गावच्या जत्रेत आपल्या माणसाने वाजवायचं, आपल्या बाईने नाचायचं, गावाने दौलतजादा करायची आणि जेवायच्या वेळी पंगत मात्र लांब. कला आपली, पण मान नाही. त्याच्याच बाजूला देवाला मुली सोडण्याची मुरळीची चाल. तिच्याविरुद्ध पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’मधून आवाज उठवला. म्हणून बाबासाहेबांच्या मनात तमाशाच्या पैशाबद्दल तिटकारा होता. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पट्ठे बापूरावांनी आपल्या खेळाचं उत्पन्न देऊ केलं आणि आपल्या बहिणींना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारलं, ही आठवण जुनी माणसं सांगत आली.

म्हणजे पेच असा होता. तमाशा नको, पण तमाशाशिवाय लोकांपर्यंत जाता येत नाही. हा पेच नाशिकच्या पोरांनी सोडवला.

नाशिकच का? २ मार्च १९३० रोजी तिथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशीची मिरवणूक पुढे बँड, त्यामागे स्काऊट, त्यामागे सुमारे पाचशे स्त्रिया आणि मग हजारो पुरुष अशी निघाली. दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने हा लढा चार-पाच वर्षं चालला. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. एवढा लांबचा लढा चालवायचा तर गावोगावची माणसं जागी ठेवावी लागतात. शिवाय माझ्या मते दुसरंही कारण आहे. नाशिक रोडचा छापखाना, देवळालीची छावणी, इगतपुरी आणि मनमाडची रेल्वे यांच्यामुळे त्या भागात आपल्या लोकांना रोख पगार मिळू लागला होता. ज्याच्या हातात महिन्याचा पगार, त्याला पाटलाच्या बलुत्याची भीती कमी. असा माणूस गावात येऊन वतनाविरुद्ध गाऊ शकतो. बलुत्यावर जगणाऱ्याला ते इतकं सोपं नव्हतं.

१९३१ साली नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा राहिला. त्याचे नायक भीमराव कर्डक. पुढे १९७८ साली त्यांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवलं, म्हणून आज आपण हे सांगू शकतो. नाहीतर गाणाऱ्याचं सगळं त्याच्या गळ्याबरोबर जातं. ज्यांना जमेल त्यांनी डॉ. कृष्णा किरवले यांचं आंबेडकरी शाहिरीवरचं संशोधनही वाचावं.

जलशात काय व्हायचं? संध्याकाळी जेवणं उरकल्यावर महारवाड्याच्या मोकळ्या जागेत गॅसबत्ती लागायची. तिकीट नाही, रंगपट नाही. दहा-बारा माणसं, सगळी कष्टकरी. शाहीर पुढे, मागे झीलकरी, बाजूला ढोलकीवाला. गणात देवाऐवजी बाबासाहेबांना वंदन. गौळणीत कृष्णाने गवळणी अडवायच्या, त्याऐवजी थट्टेचा रोख अंधश्रद्धेवर आणि सोवळ्याओवळ्यावर. मग वग. त्यात एक जुन्या वळणाचा म्हातारा असायचा, जो म्हणायचा की मेलेलं ढोर ओढणं हाच आपला धर्म. आणि एक शिकलेला पोरगा, जो त्याला सवाल करायचा. म्हातारा हार मानत नसे, आडवे प्रश्न टाकी. लोक म्हाताऱ्याच्या बाजूने हसत आणि पोराच्या बाजूने विचार करत. ही युक्ती फार हुशारीची होती. भाषणात वक्ता एकटाच बोलतो, इथे ऐकणाऱ्याच्या मनातली शंका म्हाताऱ्याच्या तोंडून आधीच बाहेर पडायची. मृत मांस सोडा, दारू सोडा, लेकरू शाळेत घाला, लहान वयात लग्न लावू नका, असे रोजच्या जगण्यातले विषय. शिवाय ताजी बातमी. १९३२ चा पुणे करार म्हणजे काय, मतदान म्हणजे काय, हे कितीतरी वस्त्यांना पहिल्यांदा ढोलकीवर कळलं. १९३५ च्या १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हिंदू म्हणून मरणार नाही, याचा अर्थ घराघरात सांगायचं काम जलसेवाल्यांच्या वाट्याला आलं. हे काय सोपं काम होतं? ज्याच्या घरात खंडोबाचा टाक आहे त्याच्या दारात उभं राहून हे गायचं. गावाकडून दगड यायचा आणि कधीकधी आपल्याच माणसाकडून शिवी यायची.

कर्डक आणि मंडळींचा एक जलसा माझ्या दहा सभांच्या बरोबरीचा आहे, अशा अर्थाचं बाबासाहेब बोलले होते, असं जलशांच्या इतिहासात सर्वत्र नोंदलेलं आहे. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९३७ ला निवडणूक आली, दादासाहेब गायकवाड मुंबई असेंब्लीवर निवडून गेले. पुढच्या वर्षी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला, मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. आम्ही गिरणीवाल्यांनी तर हे वाक्य पाठ करून ठेवलं पाहिजे. एकाच शत्रूचं नाव घेणारे पुढारी आम्हाला जन्मभर भेटले.

जलशाची दुसरी वाट मुंबईला गेली. आपल्या मुळशी-मावळातून आणि घाटावरून माणसं पोटासाठी गिरणगावात गेली. परळ, नायगाव, शिवडी, वरळीच्या चाळीत एका खोलीत आठ-दहाजण. एक पाळी झोपायची, दुसरी कामावर. सुट्टीला मैदानात जलसा. तिथेच लाल बावट्याचे शाहीरही होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं कलापथक १९४४ चं. पुढाऱ्यांचं आपसात पटो न पटो, ढोलकीवाले मात्र एकमेकांच्या चाली उचलत.

ह्याच चाळीत वामनदादा कर्डक घडले. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म १५ ऑगस्ट १९२२. शाळा नाही. मुंबईत आले, गिरणीत राबले. कोणीतरी पत्र वाचायला दिलं आणि वाचता येईना, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं आणि मोठेपणी अक्षर गिरवलं, असं सांगतात. दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १९४३ पासून गीतं लिहू लागले ते १५ मे २००४ ला शेवटचा श्वास घेईपर्यंत. हजारो गीतं आणि महाराष्ट्रभर पायपीट.

१९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी आपल्या शेजारी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. त्यानंतर जलसा हळूहळू मागे पडला. सोंगाड्या, गौळण, वग हे सगळं जुन्या धर्माच्या आणि जुन्या अपमानाच्या आठवणीला चिकटलेलं वाटू लागलं. त्याच्या जागी गायन पार्टी आली. पेटी, ढोलक, बेंजो, कव्वालीची चाल, दोन पार्ट्यांचे सवाल-जवाब. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते अशी मातबर मंडळी झाली. उमपांचा प्राण तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला मंचावरच गेला. पण एक गोष्ट गेली ती गेलीच. वगातला तो हट्टी म्हातारा गेला. गायन पार्टीत वंदन भरपूर, भांडण कमी.

आता जे कोणी लिहीत नाही ते लिहितो. जलशात बाई नव्हती. नाचणाऱ्या बाईची विटंबना थांबवायची म्हणून बाईलाच फडावरून उतरवलं आणि बाईचं सोंग पुरुषाने घेतलं. त्या वेळी ते बरोबर होतं, मी दोष देत नाही. पण हिशेब मांडला पाहिजे. काळारामच्या मिरवणुकीत पाचशे स्त्रिया पुढे चालल्या आणि त्याच नाशिकच्या जलशात गाणारी एक नाही! नाचू नको म्हणणं वेगळं आणि गाऊ नको म्हणणं वेगळं. दुसरं कोणी तोंडाने म्हटलं नाही, पण झालं तसंच.

मग बायका गप्प बसल्या काय? नाही. त्या जात्यावर गायल्या. आणि इथे आपल्या तालुक्याचं नाव येतं. १९८० नंतर हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोन अभ्यासकांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत बायकांच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. ते काम पुढे महाराष्ट्रभर गेलं. एक हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आता त्या ‘पारी’ या संस्थेने लोकांसमोर ठेवल्या आहेत. त्यांत रामसीता आहेत, भाऊ-बहीण आहे, सासुरवास आहे, आणि भीमरावांच्याही ओव्या पुष्कळ आहेत. बाबासाहेब ह्यांत भाऊ होऊन येतात, माहेरचा माणूस होऊन येतात, रमाई घरची लेक होते. जलशातल्या बाबासाहेबांच्या हातात कायद्याचं पुस्तक असतं, ओवीतले बाबासाहेब दाराशी येऊन बहिणीची चौकशी करतात. दोन्ही खरे. अभ्यासकांनी प्रत्येक ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून घेतलं, ही त्यांची मोठी कामगिरी. आपल्या मंडळांच्या पत्रिकेवर गायकाचं नाव ठळक असतं, पण आजीचं नाव कधी छापलं गेलं?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला आणि अडीच लाख कामगारांची घरं हलली. चाळीतली गाणारी माणसं गावाकडे परतली, काहींच्या पेट्या विकल्या गेल्या. कॅसेट आली, मग मोबाईल आला. आता जयंतीला ट्रकभर भिंती लावून डीजे वाजतो, खिडक्या थरथरतात आणि शब्द एकही कळत नाही. पोरांवर मी रागावत नाही, नाचायचं वय आहे. पण त्या एका रात्रीच्या पैशात वर्षभर पेटी-ढोलकी शिकवणारा मास्तर ठेवता येतो, हा हिशेब मी मंडळात मांडला आहे आणि पुन्हा मांडणार आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन एकट्या गातात आणि लाखो लोक ऐकतात. त्यांना भिंत लागत नाही. फडावरून उतरलेली बाई अशी परत आली.

विजेची चक्की आली आणि जातं दाराआड उभं राहिलं, म्हणून ओवीला बसायची जागा उरली नाही. तरी आपल्या वस्तीत जात्यावर बसलेल्या म्हाताऱ्या अजून आहेत. वर्षावासात ग्रंथवाचनानंतर अर्धा तास त्यांना बोलवायचं, मोबाईलवर आवाज उतरवायचा, नाव, माहेर आणि सासर वहीत लिहायचं, असं ठरवलं आहे. ज्यांच्या घरी अशी आजी असेल त्यांनी विहाराच्या वहीत तिचं नाव नोंदवावं. चालता येत नसेल तर आम्ही घरी येऊ.